पाखरांच्या दाण्याचं भांडं: निवडा, टांगा आणि घासा

बाजारात पाखरांसाठी दाण्याची भांडी ढिगाने मिळतात. त्यातली बरीचशी माणसाला भुलवायला केलेली असतात: कौलारू घर, रंगीत खिडक्या, वर छोटी कमान. तुम्ही भुलू नका. दुकानात मनाशी एकच प्रश्न धरा, ‘हे मला घासता येईल का?’ उत्तर ‘हो’ असेल तरच पाकिटाला हात घाला.

आधी हे जमवा: बाटली धुवायचा लांब ब्रश, जुना टूथब्रश, दोन बादल्या, भांड्यांचा साबण, वास-रंग नसलेलं साधं घरगुती ब्लीच, रबरी हातमोजे, मास्क, पाण्याचा फवारा, जुनी वर्तमानपत्रं. यातला ब्रश आणि बादल्या एकदा पाखरांच्या झाल्या की त्यांच्याच. स्वयंपाकघरात परत न्यायच्या नाहीत.

निवडताना

१. सकाळी गॅलरीत किंवा अंगणात उभं राहून कोण कोण येतं ते बघा. चिमण्या, मुनिया, होले दिसले तर दाण्याचं भांडं जरूर घ्या. नुसते बुलबुल आणि दयाळ असतील तर दाणे तसेच पडून राहतील. त्यांच्यासाठी पाणीच ठेवा. आणि फक्त कबुतरंच येत असतील तर हा बेत इथेच सोडा. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते, आणि उघड्यावर कबुतरांना खायला घातलं तर मुंबईत महापालिका दंडही करते.

२. भांडं दुकानातच उघडून बघा. तळ, झाकण, दांड्या, सगळं सुटं व्हायला हवं. तळ गोंदाने चिकटवलेला असेल तर परत ठेवा. त्या सांध्यात दाणे अडकतात आणि तिथेच कुजतात.

३. आत हात घालून बघा. नळीसारखं भांडं असेल तर ब्रश तळापर्यंत पोचतो का ते तपासा.

४. तळ उलटा करून पाण्याच्या निचऱ्याची भोकं शोधा. भोकं बाजरीच्या दाण्यापेक्षा बारीक हवीत, नाहीतर पाण्याआधी दाणेच गळतील.

५. कडांवरून बोट फिरवा. बोटाला टोचलं तर पाखराच्या पायालाही टोचणार.

६. स्टील किंवा जाड प्लास्टिक निवडा. लाकूड दिसायला गोड, पण ओल आणि घाण दोन्ही पिऊन बसतं.

७. कबुतरांचा त्रास थोडाफार असेल तर बाहेरून जाळीचा पिंजरा असलेलं भांडं घ्या. जाळीचे चौकोन साधारण ४ सेंटिमीटरचे असावेत. चिमणी सहज आत जाते, कबुतर बाहेर राहतं. मात्र जाळी दाण्यांपासून वीतभर लांब हवी. अगदी चिकटून असेल तर कबुतर मान घालून सगळं फस्त करतं.

टांगताना

८. काचेपासूनचं अंतर ठरवा. भांडं खिडकीच्या काचेपासून १ मीटरच्या आत तरी असावं, नाहीतर १० मीटरपेक्षा लांब. मधलं अंतर धोक्याचं: दचकून उडालेलं पाखरू तिथून पूर्ण वेगात काचेवर आदळतं.

९. मांजर कुठून झेप घेईल ते बघा. कठडा, झाडाची फांदी, वॉशिंग मशीन, यांतलं काहीही भांड्याजवळ नको.

१०. भांडं जाड तारेने टांगा. सुतळी खार कुरतडते. आणि मांजा तर घरात उरलेला असला तरी वापरू नका. पाय किंवा पंख त्यात अडकला की सुटत नाही.

११. खाली एक पसरट ताट बांधा. सांडलेले दाणे आणि टरफलं त्यात पडतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर ही पायरी वगळूच नका. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर बाजरी पडली तर पाखरांपेक्षा मोठा किलबिलाट ऐकावा लागेल.

१२. एका दिवसात संपेल एवढाच दाणा भरा. बाजरी, राळे, तांदळाची कणी, सगळं कोरडं. फरसाण, पाव, उरलेला फोडणीचा भात मुळीच नको. पावसाळ्यात मूठभरच ठेवा, कारण भिजलेल्या दाण्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

धुताना

दर पंधरा दिवसांनी एकदा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला. ऊन असलेला दिवस निवडा.

१३. मास्क लावा, हातमोजे चढवा. दोन मिनिटांचं काम आहे म्हणून सोडू नका.

१४. उरलेले दाणे कागदात बांधून कचऱ्यात टाका. कुंडीत ओतू नका, उंदीर पत्ता शोधत येतात.

१५. वाळलेल्या विष्ठेवर पाण्याचा फवारा मारा. कोरडी कधीच खरवडू नका. धूळ थेट नाकात जाते.

१६. भांड्याचे सगळे भाग सुटे करा. स्क्रू लगेच एका जुन्या वाटीत ठेवा, नाहीतर मोरीच्या जाळीतून गेलेच म्हणून समजा.

१७. कोमट साबणाच्या पाण्यात सगळं दहा मिनिटं बुडवून ठेवा. कढत पाणी घेऊ नका, प्लास्टिक वाकतं आणि मग झाकण बसत नाही.

१८. आता घासा. नळीला लांब ब्रश, कानाकोपऱ्यांना टूथब्रश. पाखरं बसतात त्या दांड्यांवर आणि दाणे बाहेर येतात त्या भोकांच्या कडांवर जास्त वेळ द्या. चोच आणि पाय तिथेच लागतात, म्हणून रोगही तिथूनच पसरतो. झाकणाची आतली बाजू सगळे विसरतात, तुम्ही विसरू नका.

१९. साध्या पाण्याने खळबळून घ्या. घाण राहिली तर पुढचं ब्लीच वाया गेलं.

२०. दुसऱ्या बादलीत एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घाला. म्हणजे एक कप ब्लीच असेल तर नऊ कप पाणी. हे गॅलरीत किंवा अंगणात, मोकळ्या हवेतच करा. त्यात व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड चुकूनही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

२१. भाग त्या पाण्यात दहा मिनिटं पूर्ण बुडवा. वर तरंगणाऱ्या भागावर एखादा दगड ठेवा.

२२. वाहत्या पाण्याखाली सगळं धुवा. नाकाशी धरून बघा. ब्लीचचा वास आला तर पुन्हा धुवा.

२३. वर्तमानपत्रावर पसरून उन्हात खडखडीत वाळवा. ऊन नसेल तर पंख्याखाली ठेवा. किंचित ओल असतानाच दाणे भरलेत तर मघाची मेहनत पाण्यात.

२४. भांडं वाळेपर्यंत खालचं ताट आणि फरशी याच पद्धतीने धुऊन काढा.

२५. पाण्याचं मातीचं परळ रिकामं करून ब्रशने घासा आणि ताजं पाणी भरा. हे मात्र रोजचं काम आहे. पाणी ५ सेंटिमीटरपेक्षा खोल नको, आणि मध्ये पाखराला पाय टेकवायला एक खडबडीत दगड ठेवा. पाणी साचून राहिलं की त्यात डासांच्या अळ्या होतात.

२६. हातमोजे काढून हात साबणाने धुवा.

२७. भांडं जोडा, दाणे भरा, जुन्याच जागी टांगा. पाखरं त्या जागेला सरावलेली असतात, दर वेळी नवा कोपरा नको.

एवढं करूनही एखादं पाखरू पिसं फुगवून, डोळे मिटून भांड्याजवळ बसलेलं दिसलं तर दाणा-पाणी दोन्ही लगेच उचला, भांडी धुवा आणि दोन आठवडे काहीच ठेवू नका. पाखरं पांगली की लागण थांबायला मदत होते. जवळपास मेलेली पाखरं सापडली तर उघड्या हाताने उचलू नका, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.