पुडा उलटून बघा

यांना मधुमेह निघाला त्याच आठवड्यात मी घरातली साखर बंद केली. चहा बिनसाखरेचा, श्रीखंड नाही, होळीला पुरणपोळीसुद्धा नाही. त्याऐवजी दुकानात ‘हेल्दी’ म्हणून जे जे मिळतं ते आणायला लागले. डायजेस्टिव्ह बिस्किटं, मल्टिग्रेन ब्रेड, मसाला ओट्स, ‘नो ॲडेड शुगर’ छापलेला ज्यूस. किराण्याचं बिल दीडपट झालं, पण आपण औषधच आणतोय असं समजून पैसे मोजत होते.

सहा महिन्यांनी एचबीए1सी केली. मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी या तपासणीत कळते. आधी 7.6 होती, आता 8.4 आली. गोळ्या वेळेवर चालू होत्या, रोज संध्याकाळी आमराईत फिरणंही चुकत नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “वहिनी, पुढच्या खेपेला घरातले सगळे पुडे पिशवीत घालून आणा.”

त्यांनी बिस्किटांचा पुडा हातात घेतला आणि गव्हाच्या लोंबीचं चित्र खाली करून मागची बाजू वर केली. अक्षर इतकं बारीक की माझा चष्मा लावूनही वाचता येईना. त्यांनी भिंग दिलं. पहिलं नाव मैद्याचं, मग पाम तेल, मग साखर, आणि गव्हाचा कोंडा त्यांच्या मागे. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचं नाव यादीत पहिलं येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. खाली तक्ता होता: 100 ग्रॅममध्ये साखर 18 ग्रॅम. हे सकाळी चार आणि संध्याकाळी चार बिस्किटं खायचे, म्हणजे साधारण 80 ग्रॅम. डॉक्टरांनी माझ्याकडूनच हिशेब करून घेतला. 14 ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे साडेतीन चमचे, शिवाय मैदा वेगळा. चहातली साखर मी काढली होती आणि त्याच चहाबरोबर माझ्याच हाताने बशीत घालून देत होते. त्या खुर्चीत बसून मला रडू आलं.

ब्रेडचंही तेच. पहिला मैदा, धान्यं नावापुरती, आणि तपकिरी रंग आलेला 150ए या आकड्यामागच्या कॅरॅमलमुळे. ज्यूसमध्ये वरून साखर घातली नसेलही, पण फळाचा चोथा गेला की उरलेली साखर रक्तात लवकर उतरते. 2024च्या जूनमध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा खोक्यांवरचा ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला, कारण त्यातले बरेचसे रस आटवलेल्या रसात पाणी घालून केलेले असतात. ओट्समध्ये मसाल्यातलं मीठ होतं. पुड्यावर ते सोडियम म्हणून छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा मिळतो. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या जेवणात लोणचं-पापड आधीच असतात.

साखर दुसऱ्या नावानेही येते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन. यातलं शेवटचं तर गोडही लागत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. यादीत ही नावं दिसली की मी पुडा परत फळीवर ठेवते. जी यादी वाचून आपल्या स्वयंपाकघरातली एकही वस्तू डोळ्यांपुढे येत नाही, ते खाणं रोजचं नव्हे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

आता सकाळी मुगाचं धिरडं किंवा मोडाची मटकी. चहाबरोबर मूठभर फुटाणे. दुपारी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी, तीही दीडच, कारण भाकरीनेही साखर वाढते; नुसतं घरचं आहे म्हणून पोटभर चालत नाही. सोबत पालेभाजी, वाटीभर उसळ, ताक. पहिला महिना जड गेला. यांना चारच्या सुमाराला बिस्किटाची आठवण यायची, चिडचिड व्हायची, आणि मटकी भिजत घालायला मी दोनदा विसरले. हळूहळू बसलं. पाच महिन्यांनी तपासणी 7.1 आली. गोळी बंद झालेली नाही, आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बंद करू नये.

तुमच्या घरात मधुमेहाचं माणूस असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर फडताळातले सगळे पुडे ओट्यावर काढा. उलटे करा, भिंग घ्या, यादीतली पहिली तीन नावं वहीत उतरवा. पुढच्या तपासणीला जाताना रिपोर्टबरोबर ती वहीही डॉक्टरांपुढे ठेवा.