सहलीतील खाऊ आणि घाटातील माकडे

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलींची तयारी सुरू होते. माथेरान, महाबळेश्वर, वरंधा घाट, वणीचा सप्तशृंग गड यांपैकी कोठेही गेले तरी माकडांची गाठ पडतेच, आणि गाडी थांबताच मुलांचे हात खाऊच्या पिशवीकडे वळतात. त्या वेळी शिक्षकाने नुसते दटावून भागत नाही. खाऊ का देऊ नये, हे आदल्या दिवशीच वर्गात उलगडून सांगावयास हवे.

पाठाचा आरंभ ओळखीपासून करावा. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर. तांबूस तोंडाचे व डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेले ते माकड. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. फळे त्यांत भरून ते दूर जाऊन बसते व बिया थुंकते. रान वाढण्यास त्याचा असा हातभार लागतो. वानराला या पिशव्या नसतात; त्याचे पोट मात्र गाईप्रमाणे कप्प्यांचे असते. ते रवंथ करीत नाही, परंतु त्याच्या पोटातील सूक्ष्म जीव पाला आंबवून पचनास योग्य करतात. पंगतीतील उरलेला भात गाईने अधाशीपणे खाल्ला की तिचे पोट फुगते, हे खेड्यातील मुलांना सांगावे लागत नाही. बिस्किटे व मिठाई वानराला का मानवत नाहीत, ते या एका उदाहरणावरून त्यांना पटेल.

रानात माकडाच्या दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात जातो. रस्त्यावर आयते मिळू लागले की कळप रस्ता सोडीत नाही, आणि पोटाशी पिलू धरलेली मादी वाहनाखाली सापडते. पिले आईचे पाहून शिकतात. आई हात पसरणारी असेल, तर तीही तेच शिकतात. पुढे पावसाळ्यात प्रवासी रोडावतात. धीट झालेला कळप मग पायथ्याच्या वाडीत उतरतो, कौले उचकटतो, भुईमूग उपटतो. ज्याने कधी एक केळेही दिले नाही, त्या शेतकऱ्याच्या माथी हे नुकसान येते. आपल्या वर्गात अशा घरची मुले असतील, तर त्यांनाच बोलते करावे.

शनिवारी मारुतीच्या नावाने फुटाणे घालणारी आजी पुष्कळ घरांत असते. तिची टिंगल होऊ देऊ नये. जीवावर दया करावी ही शिकवण चांगलीच आहे. तिच्यासाठी गावच्या रानात उंबर, जांभूळ लावण्याचा मार्ग मुलांपुढे ठेवावा.

सहलीत खाऊ पिशवीत बंद ठेवावा व गाडीबाहेर काढू नये. माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. ते त्याला आव्हान वाटते. दात विचकलेले माकड हसत नसते, ते भ्यालेले किंवा चिडलेले असते. चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. मुलाला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यावे व पिसाळ रोगावरील लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

गृहपाठ म्हणून गावच्या झाडांवर येणारा वानरांचा कळप मुलांनी आठवडाभर दुरून पाहावा, आणि त्याने कोणत्या झाडाचा पाला, फूल वा फळ खाल्ले याची रोजची नोंद वहीत करावी.