मालवणच्या पाण्याखाली

पोहायला मी चाळिशीनंतर शिकले. तेव्हापासून दर हिवाळ्यात मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांआडच्या शांत पाण्यात उतरते. अनुभवातून कळलेलं थोडं सांगते.

१. पावसाळ्यानंतर पाणी निवळायला वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारी उत्तम, तेही सकाळी. वारा सुटला की गाळ उठतो आणि हातभर अंतरावरचं दिसत नाही.

२. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून विसळा. काच धुरकट होत नाही.

३. सर्दी असेल तर स्कूबा करू नका. मी हट्टानं केलं आणि पंधरा दिवस कानाला दडे बसले. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, पण कान दुखू लागतात ते पहिल्या दोन-तीन मीटरांतच. नाक चिमटीत धरून हळूच हवा फुंकायची, दुखायच्या आधीच.

४. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘वर चला’. ‘छान’साठी अंगठा आणि तर्जनी जुळवायची.

५. पहिल्या वर्षी दमले म्हणून एका खडकावर पाय टेकला. होडीवरचा पोरगा ओरडला, “ताई, पाय वर घेवा! ता जिता आसा!” तोंड पाण्यात घालून पाहिलं. घागरीएवढा तपकिरी गोळा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं, आणि प्रत्येक घरात एक जीव. त्यांच्या अंगातलं शेवाळ त्यांना रंगही देतं आणि अन्नही. पाणी फार तापलं की शेवाळ निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं. असा गोळा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे माझ्या पायाखाली पंधरा-वीस वर्षं होती. त्या दिवसापासून मी दमले तर पाठीवर तरंगते. इथे 1987पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तुटलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही.

६. फोटोसाठी माशांना पाव घालतात. मी स्पष्ट नको म्हणते. पाव हे माशांचं अन्न नव्हे.

७. स्कूबानंतर किमान अठरा तास विमानात बसू नका. मी शेवटचा दिवस किल्ल्यासाठी राखून ठेवते.

आणि होडीत बसतानाच होडीवाल्याला सांगा: नांगर वाळूत टाका, प्रवाळावर नको.