फाईल माझी, कन्क्लुजन कुणाचं?

सबमिशनचा आठवडा म्हणजे काय, हे होस्टेलवासीयांना सांगायला नको. मेसची वेळ चुकते, स्टेपलर सापडत नाही आणि रात्री दोनला कॉरिडॉरमध्ये "अगं, रीडिंग्ज कुणाकडे आहेत?" अशी हाक येते. जुने सीनियर्स काचेखाली बल्ब लावून शीटचं ग्लास ट्रेसिंग करायचे. त्यात निदान हात तरी दुखायचा! नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तेही गेलं. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाबद्दल आधीच माफी. पण लेख मीच लिहिलाय. हे का सांगतेय ते पुढे कळेल.)

मागच्या सेमला काँक्रीट क्यूब टेस्टचा रिपोर्ट द्यायचा होता. एम २० ग्रेड, १५० मिमीचा क्यूब. आमचा क्यूब ३६५ किलोन्यूटनला फुटला. त्याला २२,५०० चौरस मिमीने भागलं की १६.२ न्यूटन प्रति चौरस मिमी येतात. एवढं मी केलं. मग आकडे चॅटबॉटला दिले आणि म्हटलं, लिही. अर्ध्या मिनिटात अडीच पानं हजर! मधेमधे माझी दोन-चार वाक्यं पेरली आणि प्रिंट काढली. कन्क्लुजनमध्ये होतं की हवे २० आणि मिळाले १६.२, म्हणून मिक्स नापास. मी ते नीट वाचलंही नाही.

माझी रूम पार्टनर जिल्हा परिषदेच्या शाळेतली, बारावीपर्यंत मराठी मीडियम. तिने त्याच क्यूबचा रिपोर्ट तीन रात्री बसून स्वतः लिहिला. इंग्लिशची भीती वाटते म्हणून व्याकरण तेवढं चॅटबॉटकडून सुधारून घेतलं.

सरांनी सगळे रिपोर्ट एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढले. अडकली ती. मी सुटले.

"हे इंग्लिश तुझं नाही," सर म्हणाले. ती लालबुंद झाली. मग त्यांनी विचारलं, लोड किती वेगाने द्यायचा? "मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी, सर." क्युरिंग कशासाठी? तेही तिने नीट सांगितलं. मग माझ्याकडे वळून, सहज, "मिक्स नापास का गं?"

"२० पेक्षा कमी आहे, सर."

"क्यूब किती दिवसांचा होता?"

सात. मोल्डमधून मीच तर काढला होता! २० ची अट २८ दिवसांच्या ताकदीची असते. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश, म्हणजे १३ च्या आसपास मिळाले तरी चालतं. आमचे १६.२ उत्तम होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, "सर, रिपोर्ट मी लिहिलेला नाही."

चॅटबॉटला दिवस मी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नाहीत. क्यूब नावाची काही वस्तू फुटली, हे त्याला ठाऊकच नसतं. आधीच्या शब्दांनंतर कुठला शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा तो अंदाज बांधतो. म्हणून भाषा गुळगुळीत आणि आशय रामभरोसे असं होऊ शकतं. संदर्भांचंही तसंच. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात सादर केले. ते खटले कधी झालेच नव्हते! त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. तेव्हा सेमिनार रिपोर्टमधला प्रत्येक पेपर आधी लायब्ररीत शोधा, सापडला तरच लिहा.

पकडणारं सॉफ्टवेअरही अंदाजच बांधतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं टूल जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. ज्यांची मातृभाषा इंग्लिश नाही अशांनी टोफेलसाठी लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनचे ठरले. साध्या, मोजक्या शब्दांत लिहिणाऱ्यांवर संशय जास्त. म्हणून स्टाफला नम्र विनंती, तो आकडा बघून निकाल देऊ नका. आमच्या सरांसारखे दोन प्रश्न विचारा.

आता मी चॅटबॉट सोडलाय का? नाही हो. पण क्रम उलटा केलाय. आधी गणित स्वतः सोडवते, अडले तर माझं सोडवलेलं देऊन "चूक कुठे?" विचारते, आणि तो म्हणेल ते पुस्तकात पडताळते. ओरलच्या आदल्या रात्री त्यालाच एक्स्टर्नल बनवते. तो न कंटाळता प्रश्न विचारतो, हे मात्र मान्य. रीडिंग्ज आणि कन्क्लुजन त्याच्याकडून घेत नाही. आणि फाईलच्या शेवटी एक ओळ लिहिते की कुठलं टूल, कशासाठी वापरलं. रूम पार्टनरही लिहिते: "फक्त व्याकरण."

सरांनी मला रिपोर्ट परत लिहायला लावला, हाताने. दहापैकी पाच मिळाले, तिला नऊ. माझं नवं कन्क्लुजन साडेचार ओळींचं झालं. तिने वाचलं आणि म्हणाली, "स्पेलिंग एक चुकलंय, पण राहू दे."