फॉरमॅटआधी वायर बदलून पाहा

गोंदियात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, बॅनर ही बारमाही कामं. खरी झुंबड दिवाळीच्या तोंडावर. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते; मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलं आणि नाटक म्हटलं की पोस्टर. वडशाची नाटक कंपनी तीच, नाटकही तेच, गाव, तारीख आणि तिकिटाचा दर तेवढा बदलायचा. त्यामुळे आमच्या धंद्यात जुन्या फाइली हेच भांडवल.

२०२५ साली हा मोसम आणि विंडोज १० चा शेवट एकाच वेळी आला. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, पुढच्याच आठवड्यात दिवाळी. माझा पीसी आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा, म्हणजे विंडोज ११ साठी जेमतेम पात्र. ठरवलं, ५१२ जीबीची एम.२ एसएसडी टाकायची, तिच्यावर नवं विंडोज घ्यायचं आणि १ टीबीची जुनी हार्डडिस्क आहे तशी आत राहू द्यायची. बसवायला आलेल्या पोराने काम झटपट उरकलं. मशीन बटण दाबताच उठायला लागलं. जुनी हार्डडिस्क मात्र कुठेच दिसेना.

"भाऊ, डिस्क गेली तुमची."

"काहून? सकाळपर्यंत चालत होती ना!"

"जुनी झाली होती, भाऊ. जाते अशी."

खात्री करायला त्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला यूएसबीच्या वायरने जोडली. तिथेही काही हललं नाही. झालं, डिस्क मेल्याचा निकाल लागला. आता नागपूरला रिकव्हरीला पाठवा, नाहीतर सोडून द्या.

ही तपासणीच चुकीची होती. लॅपटॉपमधली अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर फिरते, तेवढे यूएसबीतून मिळतात. पीसीतल्या साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात. वेगळा अडॅप्टर नसलेल्या वायरवर ती धडधाकट असली तरी फिरणार नाही. मी डिस्क पुन्हा पीसीत लावली, मशीन चालू केलं आणि तिच्यावर हलकेच बोटं टेकवली. बारीक थरथर लागत होती, कटकट आवाज नव्हता. डिस्क फिरत होती, तरी कॉम्प्युटरला सापडत नव्हती.

उत्तर निघालं मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकला की ते फुकट मिळतं. साटा पोर्टच्या तक्त्याखाली अगदी बारीक अक्षरांत टीप होती: एम.२ स्लॉटमध्ये साटा प्रकारची एसएसडी बसवल्यास अमुक नंबरचा साटा पोर्ट बंद राहील. माझी नवी एसएसडी साटा प्रकारचीच होती आणि जुनी हार्डडिस्क नेमकी त्याच पोर्टवर. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर एका शेताची पाळी चालू असली की शेजारच्याचं दार बंद राहतं, तसंच हे. चिपसेटकडे जोडण्या मोजक्याच असतात, म्हणून बोर्ड बनवणारे काही वेळा दोन जागांना एकच जोडणी वाटून देतात. कोणत्या स्लॉटमुळे कोणता पोर्ट जातो ते प्रत्येक बोर्डवर वेगळं, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकून उपयोग नाही. मशीन बंद करून प्लग काढला, वायर शेजारच्या पोर्टला लावली. बायोसमध्ये डिस्कचं नाव लगेच झळकलं.

पण एवढ्यावर भागलं नाही. जुन्या डिस्कवरचा पूर्वीचा सी ड्राइव्ह आता डी झाला आणि कामाचा डी झाला ई. पेजमेकरच्या फाइली उघडताच फोटो कुठे आहेत म्हणून विचारू लागल्या, कारण त्यांच्यात पत्ता डी ड्राइव्हचा लिहिलेला. त्यावर घाबरून फाइली इकडून तिकडे हलवू नयेत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये आधी नव्या डीला दुसरं एखादं अक्षर द्यायचं, मग ईला डी करायचं. श्रीलिपीचे फॉन्ट नव्याने टाकावे लागले ते वेगळंच. विंडोज बदलताना डीटीपीवाल्याने तो वेळ धरूनच चालावं.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी "डिस्क दिसत नाही" म्हणत आलं की मी आधी विचारतो, कुठे दिसत नाही? बायोसमध्येच नसेल तर दोष आधी वायर, पोर्ट, वीज किंवा स्लॉटमध्ये शोधायचा. साटाची वायर सैल होते. आमच्याकडे राइस मिलच्या कोंड्याची धूळ पोर्टात बसते तीही पाहावी. मात्र दुसऱ्या पॉवर सप्लायची वायर बसते म्हणून लावू नये. सुट्या वायरींच्या सप्लायमध्ये पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते, आणि चुकीच्या वायरने चांगली डिस्क खरोखर जळते. एम.२ मध्ये साटा आणि एनव्हीएमई या दोन जाती आहेत. दिसायला जवळपास सारख्या, पण फक्त एनव्हीएमई चालवणाऱ्या स्लॉटमध्ये साटाची पट्टी घट्ट बसूनही दिसत नाही. स्वस्त मिळाली म्हणून मागवण्याआधी स्लॉट काय चालवतो ते मॅन्युअलमध्ये पाहा.

बायोसमध्ये आहे आणि विंडोजमध्ये नाही, तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. कोरी डिस्क असेल तर ती इनिशियलाइज करायला विचारेल; जीपीटी निवडा, पार्टिशन करा, काम संपलं. ५१२ ची ४७६ जीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका, कंपनी आणि विंडोज यांची मोजायची पद्धत वेगळी आहे. अकराव्या पिढीच्या किंवा त्यापुढच्या काही इंटेल लॅपटॉपमध्ये विंडोज टाकतानाच डिस्क दिसत नाही. तिथे लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्यावा लागतो.

इनिशियलाइज करायचा हाच प्रश्न डेटा असलेल्या डिस्कबद्दल विचारला गेला तर हात मागे घ्या. "फॉरमॅट करायचं का?" असंही विंडोज इतक्या सहज विचारतं की कामाच्या गडबडीत माणूस हो म्हणून मोकळा होतो. हो म्हटलं की नंतर वायर नीट लावून काही उपयोग नसतो. कॅन्सल करा, क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत पाहा. तिथे पेंडिंग सेक्टर दिसले तर चेकडिस्क चालवू नका, त्याने थकलेल्या डिस्कवर आणखी ताण येतो. आधी गरजेच्या फाइली कॉपी करा. कटकट आवाज येत असेल तर तेही नको. मशीन बंद करा. नागपूरचा रस्ता त्या वेळी धरायचा.

आता आमच्याकडे अपग्रेडला मशीन द्यायचं असेल तर मी जुनी डिस्क आधी काढून घरी ठेवतो. नवं विंडोज नव्या एसएसडीवर चढलं, दोनदा बंद-चालू करून पाहिलं, की मग जुनी जोडायची, तीही मी समोर असताना. मेकॅनिकला थोडा राग येतो. येऊ द्यावा.