चढ, चिखल आणि क्लच प्लेट : घर्षणाचा एक धडा



नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवत होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्या जीपची क्लच प्लेट परत गेली. बाबा म्हणतात, रस्ताच खराब आहे. खरंय का?”

आपलं किकवी पुणे-सातारा महामार्गावर. पण कापूरहोळवरून भोरकडे किंवा नसरापूर फाट्यावरून राजगड-तोरण्याच्या पायथ्याकडे वळलं, की आतल्या वाड्या-वस्त्यांवर जाताना कुठे ना कुठे डांबर संपतंच. पुढे दगड, चढ आणि पावसाळ्यात चिखल. या मुलाचं घर जीपवर चालतं. प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. गाडी तीन दिवस उभी राहिली आणि ऐन पावसाळ्यातल्या फेऱ्या बुडाल्या. मग त्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवलं आणि क्लचच शिकवला.

आधी हातांनी करून पाहा

मुलांना सांगितलं, दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा, पण हलवू नका. गरम होतात का? नाही. आता तसेच दाबून एकमेकांवर घासा. लगेच चटका!

क्लचचं हेच आहे. इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्यावर क्लच प्लेट प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगने दाबलेली असते. पायडल सोडलं की सगळं एकत्र फिरतं, घासत नाही. पायडल पूर्ण दाबलं की प्लेट मोकळी होते. पण पायडल अर्धवट दाबलेलं असेल, म्हणजे ‘हाफ क्लच’, तर इंजिनाचा वेग वेगळा आणि प्लेटचा वेगळा. तेव्हा ती घासते, तापते आणि तिचं अस्तर झिजतं.

फळ्यावरचा हिशोब

माणसांसह १५०० किलोची गाडी घेऊ. सहा मीटर चाललं की एक मीटर उंची, असा चढ. ब्रेक न लावता गाडी हाफ क्लचवर जागेवर धरली आहे.

- गाडीला खाली ओढणारं बल : १५०० × ९.८ ÷ ६ = २४५० न्यूटन
- चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, म्हणून चाकावर ७३५ न्यूटन-मीटर
- पहिला गिअर आणि डिफरन्शिअल मिळून १६ पट धरले, तर क्लचवर सुमारे ४६ न्यूटन-मीटर
- इंजिन मिनिटाला १५०० फेरे, म्हणजे सेकंदाला १५७ रेडियन
- क्लचमधली उष्णता : ४६ × १५७ = सुमारे ७२०० वॅट

म्हणजे पाणी तापवायचे हजार वॅटचे सात हीटर एका प्लेटवर! एवढ्या उष्णतेने २५ अंशांचं एक लिटर पाणी पाऊण मिनिटात उकळेल. गाडी जागची हललेली नाही, म्हणजे गाडीवर कार्य शून्य. डिझेल जळलं आणि त्याची उष्णता प्लेटवर गेली.

ज्या जीपला ‘फोर लो’ आहे, तिथे चाकाचा वेग आणखी साधारण अडीच पट कमी होतो. क्लचवरचा भारही तितकाच कमी, म्हणजे तीच उष्णता सुमारे २९०० वॅट. शिवाय गाडी माणसाच्या चालीने जाऊ शकते, म्हणून पायडल पूर्ण सोडता येतं.

मग करायचं काय?

१. अवघड टप्पा आधी खाली उतरून, चालत पाहा. गिअर पायथ्यालाच टाका.
२. चढावर थांबायचं तर ब्रेकवर. निघताना हँडब्रेक लावून क्लच सोडत आणा. गाडी ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडा.
३. चढ अर्ध्यात अडला आणि इंजिन बंद पडलं, तर तिथूनच ओढत बसू नका. ब्रेक दाबून रिव्हर्स गिअर टाका, क्लच सोडा, इंजिन चालू करून सरळ मागे उतरा आणि पुन्हा प्रयत्न करा.
४. चाक दगडाला अडलं असेल, तर क्लच घासून ते वर येत नाही. माणसं उतरवा, दगड-फांद्या लावून वाट करा.
५. उतारावर पहिला गिअर ठेवा. क्लच दाबला की इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.
६. गाडी चालताना डावा पाय पायडलवर ठेवू नका.

करपट वास आला किंवा इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढेना, तर सपाट जागी थांबा आणि पायडल सोडून क्लच गार होऊ द्या.

वडिलांचं उत्तर

चार दिवसांनी मुलाचे वडील शाळेत आले. म्हणाले, “सर, चढावर पोरं फोटोला उतरली की मी गाडी हाफ क्लचवर धरायचो. पायाला सवयच तशी. पोरगं आता शेजारी बसून सेकंद मोजतंय!”

रस्ता खराब आहे, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण प्लेट दगडांनी जळत नाही, घासण्याच्या वेळाने जळते. आणि तो वेळ आपल्या पायात असतो.

गृहपाठ : घरच्या गाडीत शेजारी बसा. एका फेरीत हाफ क्लचचे सेकंद मोजा, वहीत लिहा. पालकांनी रागवायचं नाही!