नाण्यावरील मुख

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीहून पूर्वेस गेले म्हणजे तेर हे गाव लागते. प्राचीन काळी हेच तगर नगर होय. तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाई. त्या बंदरात रोमन साम्राज्यातून सोन्याचांदीची नाणी येत, असे ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक ग्रंथात नमूद आहे.

रोमच्या नाण्यावर सम्राटाचे मुख कोरलेले असे. परंतु ते मुख नेहमी त्याचेच असे, असे नाही. इ. स. 235 मध्ये मॅक्सिमिनस हा सेनानी सम्राट झाला, तेव्हा तो दूर ऱ्हाईन नदीच्या सीमेवर होता. रोमच्या टांकसाळीतील कारागिरांनी बहुधा त्यास पाहिलेच नव्हते. म्हणून त्याच्या पहिल्या नाण्यांवर नाव त्याचे, पण चेहरा मात्र मागील सम्राटासारखा उमटला!

आपल्याकडे याहून नवलाची गोष्ट घडली. क्षहरात वंशातील क्षत्रप नहपान याने चांदीच्या नाण्यांवर आपले मुख छापविले होते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला. पुत्राने क्षहरात वंशाचा समूळ उच्छेद केला, असे राजमाता गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेण्यात कोरविले आहे. मग शत्रूच्या नाण्यांचे काय झाले?

याचे उत्तर 1906 साली भूमीतून मिळाले. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची 13,000 हून अधिक नाणी एकत्र सापडली. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविलेला आहे. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. नाणी वितळविली नाहीत. त्यामुळे पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक, डोळा वा केस अजूनही डोकावतात.

राज्य बदलले, तरी चांदी तीच होती आणि बाजारही तोच होता. हातोड्याच्या एका घावाने शत्रूचे नाणे आपले झाले. एवढेच नव्हे, तर गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याच्या चांदीच्या नाण्यांवर, क्षत्रपांच्या नाण्यांप्रमाणेच, राजाचे मुख दिसते. ज्यांचा वंश नष्ट केला, त्यांची रीत मात्र विजेत्यांच्या घरी नांदली.

मुलांनो, इतिहासात जुने सहसा पुरते पुसले जात नाही. ते नव्याच्या खाली असते. पाहणाऱ्याला दृष्टी मात्र हवी.

स्वाध्याय
1. मॅक्सिमिनसच्या पहिल्या नाण्यांवर दुसऱ्यासारखा चेहरा का आला असावा?
2. गौतमीपुत्राने नहपानाची नाणी न वितळविता त्यांवर ठसा का मारला असेल? तुमचे मत लिहा.